न गिळलेला घोट

"मासवडीबरोबर कोणती चालेल हो?"

पुण्याहून आलेल्या बाईंनी गंमत म्हणून विचारलं आणि सोबतची मंडळी खोऽखो हसली. कपिल मात्र हसला नाही. मंचर-नारायणगावच्या पट्ट्यात मासवडी ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही.

"रस्सा झणझणीत असेल तर शेनिन घ्या, पांढरी वाइन," तो म्हणाला. "चांगली गार करून. जराशी गोडसर आहे, तिखटाला सांभाळून घेते. लाल घेतलीत तर जीभ जास्तच भाजेल."

बाईंचं हसू थांबलं. मग त्यांनी खरोखरचं विचारायला सुरुवात केली. दिवाळीच्या फराळाला कोणती? चकली-चिवड्याबरोबर फेसाळणारी. मटणाला? लाल शिराज. पुरणपोळीला? ती गोड वाइन, उशिरा तोडलेल्या द्राक्षांची. आणि एखाद्या साध्या मंगळवारी, घरी नुसता वरणभात असला तर? "कोरडी पांढरी, सोव्हिन्यो ब्लाँ," कपिल म्हणाला, "आणि दोनच घोट. वरणभाताला जास्त बोलणारं कुणी लागत नाही."

कळंबजवळच्या हायवेवरल्या या वाइनरीत कपिल तीन वर्षं पाहुण्यांना चव सांगायचं काम करत होता. रोज सकाळी उघडलेल्या प्रत्येक बाटलीतला एकेक घोट तो तोंडात घ्यायचा, जिभेवर घोळवायचा आणि शेजारच्या स्टीलच्या भांड्यात थुंकायचा. चव घेणारे सगळेच थुंकतात, ती धंद्याची रीतच आहे. पण इतरांच्या घशाखाली सणासुदीला चार घोट जायचेच. कपिलच्या घशाखाली तीन वर्षांत एक थेंबही गेला नव्हता. पाहुण्यांना ते सांगून काय करायचं? त्यांना वाटायचं, हा पठ्ठ्या रोज मजेत असणार.

कारण पिंपळवंडीत होतं. कपिल सोळा वर्षांचा असताना बुद्धपौर्णिमेला त्याच्या वडिलांनी, सोपानने, त्याला विहारात उभं केलं आणि पंचशील म्हणवून घेतलं. पाचव्या, नशा न करण्याच्या शीलापाशी सोपानने त्याचा हात धरला आणि ते पुन्हा म्हणायला लावलं. सोपानचा बाप दारूनं गेला होता. "तोंडात घेणार न्हाई, म्हण," सोपान म्हणाला आणि कपिल म्हणाला. म्हणून नोकरी लागली तेव्हा त्यानं घरी सांगितलं, वाइनरीच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसतो. गिळत नाही म्हणजे शील मोडलं नाही, अशी मनाची समजूत त्यानं घालून घेतली होती. पण मग घरी खोटं का सांगितलं, हे तो स्वतःला विचारत नसे.

खरं तर ती जीभ त्याला बापाकडूनच आली होती. गावातल्या ज्या बागेची द्राक्षं याच वाइनरीला जात, तिथं सोपानने बावीस वर्षं छाटणी केली. तोडणीच्या आधी तो ओळीतून चालत एकेक मणी तोंडात टाकायचा आणि साखर किती अंश भरली ते सांगायचा. "वीस." "साडेएकवीस." सुपरवायझर सुभाष मागून मीटर घेऊन यायचा आणि मान हलवायचा. मीटर चुकलं असेल, पण सोपान चुकला नाही. त्या द्राक्षांची पुढं दारू होते हे त्याला ठाऊक होतं. "माजं काम येलीपर्यंत," एवढंच तो म्हणायचा.

दारूला तो शिवला नाही, पण तंबाखूची पुडी त्याच्या खिशातून कधी हलली नाही. दोन वर्षांपूर्वी घशात गाठ निघाली. पुण्याला नेऊन पस्तीस वेळा रेडिएशनचा शेक दिला. गाठ आधी बसली, मग पुन्हा आली. चव गेली, मग गिळणं गेलं, आणि नाकातून नळी आली. आता जानकाबाई नवऱ्याला दिवसातून सहा वेळा त्या नळीतून पेज आणि दूध घालायची. ज्या माणसाला जिभेवर अर्धा अंश कळायचा, त्याचं सगळं जेवण आता जिभेला वळसा घालून जात होतं. असलं कुणाच्या वाट्याला येऊ नये.

पण सोपानने त्यातूनही एक वाट काढली होती. संध्याकाळी कपिल कामावरून आला की त्याचं ताट सोपानच्या खाटेपाशीच वाढायचं. पहिला घास झाला की सोपान घोगऱ्या आवाजात विचारायचा, "कसं झालंय?"

आणि कपिल सांगायचा. पाहुण्यांना सांगायचा त्याहून जास्त जीव ओतून सांगायचा. "पिठल्यात लसूण जरा करपलाय आबा, पर बरा लागतोय. आदी तिखट लागतंय, मागनं खरपूस." जानकाबाई लटकी रागवायची, "बापलेक मिळून माज्या हातातच खोट काढा." सोपान डोळे मिटून ऐकायचा. कधी कधी त्याचे ओठ हलायचे. ती दहा मिनिटं त्या घरातली सगळ्यात चांगली दहा मिनिटं होती.

आणि मग ती रील आली.

मासवडीवाल्या बाईंनी काढलेली. कपिलला पत्ताही नव्हता. धाकट्या बहिणीला, प्रतीक्षाला, ती कॉलेजात कुणीतरी दाखवली आणि ती पोरगी हरखून घरी आली. "आबा, बगा, दादा फेमस झाला!" तिनं फोन बापाच्या तोंडासमोर धरला. कपिल मासवडीचं बोलतो, ग्लास फिरवतो, वास घेतो, घोट तोंडात घेतो, डोळे मिटतो. तिथंच रील संपत होती. थुंकण्याचा भाग बाईंनी काढून टाकला होता. थुंकणारा माणूस कुणाला बघायचाय?

सोपानने ती दोनदा बघितली आणि फोन परत दिला.

त्या संध्याकाळी कपिलनं पहिला घास घेतला आणि वाट बघितली. सोपान भिंतीकडे तोंड करून पडला होता. दुसरा घास झाला, तिसरा झाला. जानकाबाईनं लेकाकडे पाहिलं, लेकानं ताटाकडे. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाप ओरडला असता तर बरं झालं असतं, पण ओरडायला त्याच्याकडे आवाजच उरला नव्हता. त्यानं नुसतं विचारणं सोडलं आणि कपिलचं जेवण मातीमोल झालं.

पाचव्या दिवशी त्याला राहवलं नाही. "आबा, मी गिळत न्हाई," तो खाटेच्या कडेला बसून म्हणाला. "तीन वर्सांत एक थेंब गिळला न्हाई. थुकतो. त्या रीलमदी कापलंय ते."

सोपानने भिंतीकडून तोंड वळवलं. "तोंडात घेतोस न्हवं?" तो म्हणाला.

कपिलनं शब्द तोंडातही न घेण्याचा दिला होता. आणि हा माणूस आता फार दिवसांचा नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बाप आपल्याला खोटा समजून जाणार, ही गोष्ट कपिलच्या छातीत दगडासारखी बसली. त्या रात्री तो जेवलाच नाही.

रविवारी सकाळी सोपानने हाताची खूण करून त्याला बोलावलं. "बागंत तोडणी कदी?"

"सुबासभाऊ म्हनला, याच आठवड्यात."

"घड आन एक. हिरीकडच्या वळीतला."

कपिल धावतच गेला. हिरवी द्राक्षं, बारीक मण्यांची, दवानं अजून ओली. सोपानने घड हातात घेतला. एक मणी बोटांत दाबला, फोडला, आतली बी उजेडात धरली. बी तपकिरी झाली होती, म्हणजे द्राक्ष तयार होतं. मग त्यानं तो फुटका मणी ओठांना लावला आणि तसाच थांबला. काही लागेना. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. जानकाबाई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

"तू सांग," तो म्हणाला.

कपिलनं दोन मणी तोंडात टाकले. चावले, जिभेवर घोळवले, टाळूला लावले. "आदी आंबट, आबा. मग हिरव्या मिरचीच्या देठावानी कायतरी येतंय. मग गोड. बावीस भरली आसंल." आणि बोलता बोलता त्याचा हात आपोआप खाटेखालच्या तस्ताकडे गेला, तो वाकला आणि तोंडातलं सगळं त्यात थुंकला.

तो ताठ झाला तेव्हा सोपान त्याच्याकडे टक लावून बघत होता.

"ह्ये काय केलंस?"

कपिलला कळेना. मग कळलं आणि तो खजील झाला. "सवय लागलीया," तो म्हणाला. "काय बी चव बगायची म्हनलं की आसंच व्हतं. ध्यानात बी येत न्हाई."

सोपानने त्या तस्ताकडे पाहिलं. मग लेकाचं मनगट धरलं, विहारात धरलं होतं तसंच. पकडीत आता जोर नव्हता. "खरं बोलत व्हतास तर," तो म्हणाला. श्वास घ्यायला थांबला. "आन मी? तुला शील दिलं आन माज्या खिशात पुडी. नशा ती नशाच की रं. तू तोंडात घिऊन थुकलास. मी दातांखाली धरून बसलो."

"आबा, आसं नगा बोलू."

"ऱ्हाऊ दे." त्यानं घडातला एक मणी खुडला आणि लेकाच्या तोंडापाशी नेला. "ह्यो थुकायचा न्हाई. ह्ये द्राक्ष हाये. गीळ. माज्या वाटचं गीळ."

कपिलनं मणी तोंडात घेतला. चावला. पण घसा असा दाटून आला होता की तो एवढासा घोट खाली उतरेना. क्षणभर त्याला वाटलं, आबांना रोज असंच होत असणार. मग त्यानं डोळे मिटले आणि गिळला.

डोळे उघडले तेव्हा सोपान त्याच्या गळ्याकडेच बघत होता. त्याच्या स्वतःच्या गळ्याची घाटी नळीशेजारून हळूच वर गेली आणि रिकामीच खाली आली.

"कसं झालंय?" सोपानने विचारलं.

"ग्वाड हाये, आबा," कपिल म्हणाला. "लई ग्वाड हाये."