आत घेतलेली शिवण

मी विमानाच्या कॅप्टनचा कोट बोलतोय. गडद निळा, पुढे दोन रांगांत आठ बटणं, दोन्ही बाह्यांवर चार-चार सोनेरी पट्ट्या. विमानतळावर मला पाहिलं की लोक नकळत बाजूला होऊन वाट देतात. पण खरं सांगायचं तर मी विमान चालवण्याच्या कामी कधीच आलो नाही. दार बंद झालं की कॅप्टन मला काढून खुर्चीमागच्या हुकाला अडकवायचे आणि साध्या शर्टात बसून विमान चालवायचे. उतरल्यावर पुन्हा मी अंगात. म्हणजे माझी नोकरी फक्त मिरवण्याची.

कंपनीच्या गणवेश विभागात एक शिंपी होते, सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्यांना सवय. कॅप्टनना चौथी पट्टी, म्हणजे कॅप्टनपद मिळालं त्याच आठवड्यात मास्तरांनी माझ्यासाठी त्यांचं माप घेतलं आणि म्हणाले, तुमचे खांदे जरा उतरते आहेत, मी आत भर घालतो, उतरत्या खांद्यांचा कॅप्टन लोकांना रुचत नाही. अशी बोटभर जाडीची भर माझ्या खांद्यांत आली.

कापड लोकरीचं. भर उन्हात बसमधून उतरून विमानाच्या जिन्यापर्यंत जाताना कॅप्टनच्या पाठीवरून घामाच्या धारा लागायच्या. बाकीचे कोट काढून हातावर टाकायचे. आमचे कॅप्टन शेवटचं बटणसुद्धा सोडायचे नाहीत.

घरी त्यांची बायको आणि मुलगी. बायको शाळेत गणित शिकवायच्या. लाँड्रीवाला कापडाला चकाकी आणतो म्हणून मला इस्त्री त्या स्वतः करायच्या, वर ओलं फडकं टाकून. मुलगी चिडवायची, की बाबा आधी कोटाचे आहेत आणि मग आपले. अशी आठ वर्षं गेली.

नवव्या वर्षी मी कॅप्टनना सैल व्हायला लागलो. बटणं लावली तरी पुढचं कापड लोंबायला लागलं. ते मास्तरांकडे गेले. जेवण कमी केलंय, म्हणाले. मास्तरांनी मला उसवलं, बगलेखालच्या शिवणी आत घेतल्या. चार महिन्यांनी पुन्हा तेच.

त्याच सुमारास कंपनीनं एक समिती नेमली. कोट ठेवायचा, की ताणल्या जाणाऱ्या हलक्या कापडाचं जाकीट आणायचं, हे ठरवायला. कॅप्टनसोबत नेहमी उडणारी तरुण सहवैमानिक समितीच्या बैठकीत सरळच बोलली. हा कोट पुरुषाच्या मापावर बेतून तिच्या गळ्यात मारलाय, हात वर केला की सगळा कोट वर येतो, असं तिनं सांगितलं. बरेचजण तिच्या बाजूचे होते. मग आमचे कॅप्टन उठले.

"प्रवाशाला आपलं कौशल्य दिसत नाही," ते म्हणाले. "त्याला कोट दिसतो. तो बघून तो निवांत झोपतो. कोट राहू द्या."

कोट राहिला. मला केवढा अभिमान वाटला. या माणसाचा माझ्यावर किती जीव आहे, असं वाटलं. खरं कारण मला नंतर कळलं. मला काढल्यावर कॅप्टन आरशासमोर उभे राहायचेच नाहीत. शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा. हलक्या जाकिटात ते सगळं जगाला दिसलं असतं. माझ्या खांद्यांत मात्र भर होती.

तिसऱ्यांदा गेले तेव्हा मास्तरांनी माप घेतलं आणि टेप खाली ठेवली. तोंडातल्या टाचण्या एक एक करून काढल्या.

"साहेब, कोट मी आत घेईन. पण माणूस आतून कमी होतोय. त्याला माझी सुई काय करणार?"

कॅप्टन म्हणाले की पुढच्या महिन्यात वैद्यकीय तपासणी आहेच, तोवर कुणाजवळ बोलू नका. मास्तरांनी सुईत दोरा ओवला. मला शिवताना त्यांचा दोरा दोनदा तुटला.

एका दुपारची गोष्ट. मी हुकावर होतो. विमान उतरायला दहा मिनिटं असताना कॅप्टननी डावा हात बरगडीखाली दाबून धरला. चेहरा पांढराफटक. सहवैमानिकेनं हळूच विचारलं, "सर, मी उतरवू का?" एरवी हसून नको म्हणणारे कॅप्टन नुसतं म्हणाले, "घे." आमच्या मागे दीडशेच्या वर माणसं बसली होती. मी तिथे लोंबकळत होतो. एक बाहीसुद्धा मला हलवता येत नव्हती.

तिनं विमान अलगद टेकवलं. मग कॅप्टननी मला अंगात घातलं, आठही बटणं लावली आणि दारात उभे राहून प्रवाशांना निरोप देऊ लागले. एक आजीबाई थांबल्या. "तुम्हाला बघितलं की धीर येतो हो," म्हणाल्या. माझ्या आत त्यांचा शर्ट थंडगार घामानं चिंब झाला होता. आणि मी ताठ उभा. मला दुसरं काही येतच नव्हतं. मास्तरांनी मला बनवलंच तसं होतं.

त्या रविवारी बायकोनं अस्तराला इस्त्री करायला मला उलटं केलं. त्यांचं बोट बगलेखालच्या शिवणीवरून गेलं आणि थबकलं. सुईच्या जुन्या भोकांच्या तिथे रांगा होत्या. एक, दोन, तीन. त्यांनी मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी आणून अंतर मोजलं, दुसरी बाजू मोजली. मग तशाच उभ्या राहिल्या. कॅप्टन अंघोळ करून बाहेर आले.

"हे कधीपासून?"

"कोट मुळातच सैल शिवला होता."

"नऊ वर्षं मी याला इस्त्री करतेय."

कॅप्टन स्टुलावर बसले. केसांतून पाणी गळत होतं, तेही पुसलं नाही. म्हणाले, "तपासणीत सापडलो तर मला परत विमान उडवू देणार नाहीत गं."

"आणि नाही सापडलात तर?"

बायकोनं इस्त्रीचं बटण बंद केलं. कॅप्टननी स्वतः फोन लावला आणि सांगितलं, की उद्याच्या विमानावरून माझं नाव काढा, मी उडायच्या स्थितीत नाही. फोन ठेवल्यावर त्यांनी मला इस्त्रीच्या टेबलावरून उचललं, सुलट केलं आणि मांडीवर घेऊन बसले.

पोटात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये अर्धं पोट गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून दोन-तीन महिने उशीर झाला असता तर आम्ही हात टेकले असते. कॅप्टन वाचले. पण उडायचा परवाना परत मिळाला नाही. मी दीड वर्ष कपाटात होतो. मुलगी अधूनमधून दार उघडून माझी बाही चाचपायची आणि दार लावायची.

मग गणवेश बदलला. सहवैमानिक, जी आता स्वतः कॅप्टन झाली होती, नवं जाकीट घालून भेटायला आली. आमच्या कॅप्टननी त्याचं कापड चिमटीत धरून पाहिलं. "छान आहे. तुझ्या मापाचं आहे," म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. जुने कोट मात्र परत करायचे होते. भलत्या माणसाच्या हाती लागले तर तो ते घालून कुठेही शिरेल, म्हणून.

काल ते मला पिशवीत घालून स्वतः इथे गणवेश विभागात घेऊन आले. मास्तर निवृत्त झाले होते. खिडकीत नवीन बाई होत्या. त्यांनी माझ्या आतलं नाव वाचलं, पट्ट्या मोजल्या आणि वर पाहिलं.

"कॅप्टनसाहेब तुमचे कोण?"

कॅप्टन रिकाम्या पिशवीची घडी घालू लागले.

"नाही, या फॉर्मवर सही त्यांचीच लागेल म्हणून विचारलं. त्यांना पाठवता का?"

"बाहेर बसलेत," कॅप्टन म्हणाले. "सही घेऊन येतो."

ते फॉर्म घेऊन बाहेर गेले. काचेतून मला दिसत होतं. बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली. पेनाला टोपण लावलं. मग आत आले.

बाईंनी शिक्का मारला. "आजारी होते असं ऐकलं होतं. आता बरे आहेत ना साहेब?"

"बरे आहेत."

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, हेच ते. तुमच्यासमोर उभे आहेत ते. पण कॅप्टननी वळून पाहिलं नाही, आणि मला बाईंनी ढिगावर टाकलं.

उद्या आम्हा सगळ्यांचे तुकडे होणार आहेत. त्याचं मला फार वाटत नाही. तुमच्याकडे एकच मागणं आहे. असे बारीकसे, सावकाश चालणारे गृहस्थ तुम्हाला कुठे भेटले, तर त्यांना एकदा ‘कॅप्टन’ म्हणून हाक मारा.