मैयाची गाडी मागे का फिरली?

रविवारी सकाळी बरखेड्याच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. कोणी मंडीदीपच्या कारखान्यातली पाळी बुडवून आलं होतं, कोणी अरेरा कॉलनीतून कार करून. सगळ्यांचे डोळे एका लांब टेबलाकडे. लाल मखमलीवर खेळण्यातले रूळ, एका टोकाला देवीची तसबीर, दुसऱ्या टोकाला भक्ताची खुर्ची. देवीपासून निघालेलं छोटं इंजिन भक्तापर्यंत पोचलं तर होकार, अर्ध्यातून मागे फिरलं तर नकार.

"ना ड्रायवर, ना चाबी, ना रिमोट!" पटरीवाले महाराजांनी दोन्ही तळवे वर करून दाखवले. "ये रेल नहीं, मैया का मन है!"

जयजयकार झाला. मंजूषाच्या मनात मात्र शंका आली. हा हात इतक्यांदा दाखवतो, मग पाय शालीखाली कशाला झाकतो?

मंजूषा पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. ती आली होती भाचीसाठी. अदितीच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात होत्या. पण "गोळ्या चालू ठेवू का?" या प्रश्नावर इंजिन मागे फिरलं आणि तिच्या आईने, वंदनाने, गोळ्या बंद केल्या. परवा पोरगी शाळेच्या जिन्यात कोसळली; कपाळाला टाके पडले. तरी वंदनाचं एकच, "ताई, आधी पुन्हा विचारू. देवीचा कौल मोडायचा कसा?"

लोक इंजिन बघत होते, मंजूषा रूळ बघत होती. कुणाचं लग्न, कुणाची बदली. नकार असला की इंजिन एकाच जागी अडखळायचं, क्षणभर थांबायचं आणि उलटं निघायचं. देवीला नाही म्हणायला दर वेळी तीच जागा कशी सापडते? मंजूषाने मान लांब करून पाहिलं. तिथे दोन रुळांमध्ये, मखमलीत, मसुराएवढं भोक होतं. बरोबर वर झगझगीत दिवा.

असली गाडी तिने स्वतः मुलांकडून प्रदर्शनासाठी बनवून घेतली होती!

वंदनाचा नंबर आला, तशी मंजूषाही तिच्यासोबत टेबलापाशी गेली. खुर्चीत बसून वंदनाने विचारलं, "मैया, बच्ची की दवाई फिर शुरू करूँ?"

इंजिन निघालं. ते चार बोटं पुढे येतं न येतं तोच मंजूषाने वाकून त्या भोकावर बोट ठेवलं. इंजिन जागीच थबकलं आणि देवीकडे परत गेलं. पुन्हा निघालं, मंजूषाने पुन्हा बोट ठेवलं. पुन्हा परत!

"हाथ हटाओ! मैया कोप करेगी!" महाराज ओरडले.

"मेरी उँगली से मैया का मन बदल गया, महाराज?"

कोणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात मंजूषाने मखमल वर केली. खाली काडेपेटीएवढी सर्किटची पट्टी होती, आणि तिच्यातून निघालेली एक वायर थेट महाराजांच्या शालीखाली गेली होती. एका निवृत्त फोरमनने शाल बाजूला सारली. महाराजांच्या पायाच्या अंगठ्याखाली बटण होतं.

मंजूषाने सगळ्यांना समजावलं. पट्टीवर मायक्रोकंट्रोलर होता, म्हणजे शिकवलेलं तेवढंच करणारा चिमुकला संगणक. भोकाखाली उजेड ओळखणारा सेन्सर. इंजिन वर आलं की अंधार होतो, पट्टी रुळांतल्या विजेची दिशा उलटवते आणि इंजिन मागे फिरतं. अंगठ्याने बटण दाबलं की हा मधला सेन्सर बंद. मग इंजिन सरळ टोकापर्यंत जातं आणि तिथला सेन्सर त्याला परत पाठवतो. देवीकडच्या टोकाला पोचलं की जरा थांबून ते आपोआप पुन्हा निघतं.

"यंत्र में भी मैया का वास है!" महाराजांनी शेवटचा प्रयत्न केला.

"तो बटन से पैर हटाइए," फोरमन म्हणाला, "और मैया से हाँ कहलवाइए."

महाराजांनी शाल गोळा केली. काही जण तरीही त्यांच्या पाया पडूनच बाहेर गेले.

वंदना खुर्चीतून उठलीच नाही. "ताई, त्याच्या अंगठ्याला विचारून मी माझ्या पोरीच्या गोळ्या थांबवल्या."

मंजूषाने तिचा हात धरला. "रडू नकोस. आधी डॉक्टरांना फोन लावू."

दुपारी डॉक्टरांनी अदितीला तपासलं आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. वंदनाने त्यांना भीत भीत खूप प्रश्न विचारले. डॉक्टर रागावले नाहीत. एकेकाचं उत्तर देत गेले, आणि जे माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाले.

श्रद्धा ज्याची त्याची. पण आजाराचा कौल मागायचा तर तो अशाच माणसाकडे मागा, ज्याला "कसं?" आणि "कशावरून?" असं विचारता येतं. जो विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं लेकरू देऊ नका.