सोडून जाण्याचा दंड

वीज कंपनी बदलली म्हणून टलक नवरा-बायकोला एकशे ऐंशी डॉलर दंड झाला. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल आलं, त्याच्या तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं : एक्झिट फी. म्हणजे कंपनी सोडून जाण्याचा दंड. कंपनीचं नाव मी घेणार नाही, फुकटची जाहिरात कशाला? एकोणीस वर्षं ज्यांनी एकही बिल चुकवलं नाही, त्यांना निरोप देताना या लोकांनी हात पुढे केला तो त्यांच्याच खिशात घालायला. खुर्चीवरून उठल्याचे पैसे न्हावीसुद्धा मागत नाही.

“हा दंड आपल्याला लागतच नाही,” नोएलीन बिल वाचता वाचता म्हणाली. “मार्चमध्ये ती पोरगी फोनवर दोन वर्षांची योजना गळ्यात मारत होती ना, तेव्हाच मी विचारलं होतं. मधेच सोडलं तर काही भरावं लागेल का? नाही म्हणाली. मी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही म्हणाली. मग मी हो म्हटलं.”

“तुझ्या ऐकण्यात गफलत झाली असेल,” तिचा नवरा डेस म्हणाला.

नोएलीनने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. गफलत! तरुणपणी गोर गावच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये अकरा वर्षं तिने याच कानांवर पोट भरलं होतं. पुढे यंत्रं आपोआप नंबर जोडायला लागली, नोकरी गेली, पण सवय राहिली. अजूनही फोनशेजारी वही असायची आणि वहीला दोरीने बांधलेली पेन्सिल. कोण बोललं, किती वाजता, काय ठरलं, सगळं त्यात. तिने वही उघडून डेससमोर धरली. ‘१४ मार्च, सव्वादहा. कियाना. दोन वर्षं दर तोच. सोडताना दंड नाही. दोनदा विचारलं.’

“हे तुझं अक्षर आहे,” डेस म्हणाला. “त्यांचं नाही. तू यात पडू नकोस, मी बघतो.”

डेस सव्वीस वर्षं घरोघरी मीटर वाचत हिंडलेला. गोरमधल्या प्रत्येक कुत्र्याने त्याला निदान एकदा तरी पळवलं होतं. नवीन मीटर आले, ते स्वतःच कंपनीला आकडे कळवायला लागले आणि डेस घरी बसला. पण विजेतलं मलाच कळतं, हा ताठा काही घरी बसला नाही. तीन आठवडे तो रोज फोनला चिकटून होता आणि रोज त्याचा चेहरा बिटासारखा लाल होत होता.

जूनमधला, म्हणजे तिकडच्या ऐन हिवाळ्यातला मंगळवार होता. खिडकीच्या काचेवर बाहेरून दहिवर गोठलं होतं. डेसचा फोन टेबलावर, आवाज मोठा केलेला. नोएलीन त्याच्याकडे पाठ करून ओट्याशी चीज रोल वळत होती. अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी वीस डझन द्यायचे होते. पावाच्या स्लाइसवर चीज-कांद्याचं सारण फासायचं, सुरळी करायची, ट्रेमध्ये मांडायची. पाऊण तास फोनवर एकच ट्यून वाजल्यावर ब्रेडन नावाचा एक पोरगा बोलायला आला.

“दंड करारात लिहिलेला आहे, मिस्टर टलक. मी काही करू शकत नाही.”

“अरे, पण तुमच्या बाईने नाही म्हणून सांगितलं होतं!”

“आमच्याकडे तशी नोंद नाही. रेकॉर्डिंगमध्ये फक्त शेवटचा होकार आहे.”

“वा रे वा! आमचं ‘हो’ तेवढं जपून ठेवलंत, आणि तुमचं ‘नाही’ दिलंत फेकून!”

नोएलीनला हसू आलं. डेस कधी कधी असं नेमकं बोलायचा. याच बोलण्यावर ती एके काळी भाळली होती.

“तुमचा राग मी समजू शकतो,” ब्रेडन म्हणाला. हे वाक्य तो दिवसातून शंभरदा म्हणत असणार. मग त्याने आवाज खाली आणला. “मिस्टर टलक, मार्चमध्ये आमच्याशी तुमच्या मिसेस बोलल्या होत्या. त्यांना विसरण्याबिसरण्याचा काही त्रास आहे का? तसं असेल तर विशेष काळजीचे ग्राहक म्हणून आमच्याकडे वेगळी सोय आहे. त्यात दंड निघून जातो.”

“आहे की,” डेस म्हणाला. “हल्ली तिला नीट समजत नाही. गोंधळते बिचारी.”

पलीकडे टकटक बटणं वाजली. “झालं. दंड काढला. मिसेसची काळजी घ्या हं.”

फोन बंद करून डेसने हातावर हात चोळले. “बघ! साप मेला आणि काठीही मोडली नाही. याला म्हणतात अक्कल.”

नोएलीन वळली. तिच्या हातातल्या सुरीवरचं सारण टपकन फरशीवर पडलं, ते तिने पुसलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“कोण गोंधळते बिचारी?”

“अगं, ते आपलं बोलायचं असतं. दंड गेला ना?”

“दंड लागतच नव्हता, डेस. मी खरं सांगत होते. आणि तू काय केलंस? माझं डोकं ठिकाणावर नाही असं सांगून तो सोडवून घेतलास.”

“असं कुठे म्हटलं मी? आणि म्हटलं तरी कुणाला? त्या ऑकलंडच्या पोराला! तो तुला ओळखतो का? उद्या विसरून जाईल.”

“तो विसरेल. त्याचा कॉम्प्युटर विसरेल का?”

“एकशे ऐंशी डॉलर वाचवले मी! आभार मान.”

“तुझं डोकं विकायचं होतंस,” नोएलीन म्हणाली. “पण त्याला एवढा भाव आला नसता.”

तिने हात धुतले आणि स्वतः कंपनीला फोन लावला. ती नोंद पुसायची, दंड परत लावून घ्यायचा आणि मग सरळ वाटेने भांडायचं, असं तिने ठरवलं. पण नाव सांगितल्याबरोबर पलीकडच्या बाईचा सूर बदलला. दोन वर्षांच्या पोराशी बोलावं तसं ती एकेक शब्द सुटा करून बोलायला लागली. “मिसेस टलक, तुमचे... मिस्टर... जवळ आहेत का?”

“माझ्या डोक्यात... बिघाड... नाही,” नोएलीनने त्याच चालीत उत्तर दिलं. “मला तो दंड... परत... लावा.”

“तशी सोय नाही हो. ज्यांनी माहिती दिली त्यांनीच ती बदलायला हवी.”

डेस काही ती बदलायला तयार नव्हता. “आता पुन्हा फोन करून सांगू, मी खोटं बोललो म्हणून? मला वेडा समजतील!”

“समजू देत. या घरात एकीला वेडी समजून झालंच आहे.”

वीज कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकायला एक वेगळं, फुकट चालणारं कार्यालय आहे. नोएलीनने तिथे फोन केला. लेओता नावाच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अडचण सांगितली. “तुमचा दंड माफ झालाय, मिसेस टलक. मग वाद कशाचा सोडवायचा आम्ही?”

म्हणजे शहाणं ठरायचं असेल तर आधी नुकसान सोसायला हवं. दुसऱ्या दिवशी नोएलीनने आपल्या खात्यातून एकशे ऐंशी डॉलर जुन्या बिलाचा नंबर टाकून कंपनीला भरले. कंपनीने ते विनातक्रार घेतले. पैसे घेताना मात्र कुणी विचारलं नाही, बाई, तुम्हाला समजतंय ना, मिस्टर जवळ आहेत का म्हणून! समज नसलेल्या बाईचे पैसे त्यांना बरे चालतात. मग तिने त्या पावतीसह तक्रार नोंदवली.

डेसने पावती पाहिली आणि टेबलावर मूठ आपटली. “जो दंड लागत नाही म्हणून महिनाभर ओरडत होतीस, तो भरलास? आता मात्र खरोखरच तुझं...” तो थांबला.

“बोल ना. पुढचं ब्रेडनला सांगून झालंय, मला सांगायला काय हरकत आहे?”

त्या दिवसापासून घरात कामापुरतं बोलणं राहिलं. डेस जेवणाचं ताट घेऊन टीव्हीसमोर बसायला लागला. नोएलीनने त्याला एकदाही टेबलावर बोलावलं नाही.

जुलैच्या सुरुवातीला तक्रारीवर कंपनीचं उत्तर आलं. ते एकच पान होतं. नोएलीनने ते उभ्याउभ्या वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. ‘मिसेस टलक यांच्या आठवणीवर किंवा त्यांच्या वहीवर विसंबून राहता येणार नाही. त्यांना नीट समजत नसल्याचं खुद्द त्यांच्या पतीनेच १० जून रोजी कळवलं आहे. त्या संभाषणाचं संपूर्ण रेकॉर्डिंग आमच्याकडे उपलब्ध आहे.’

कियानाचं ‘नाही’ यांना सापडत नव्हतं. डेसचं ‘आहे की’ मात्र सांभाळून ठेवलं होतं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा तिकडे सोफ्यावर बसून रग्बी बघत होता.

नोएलीनने टीव्ही बंद केला आणि कागद त्याच्या मांडीवर टाकला. “वाच. करार करताना ‘हो’ म्हटलं तेव्हा मी शहाणी होते. त्यांचं ‘नाही’ ऐकलं तेव्हा मात्र वेडी! एकाच फोनमध्ये, एकाच मिनिटात! हरामखोर लेकाचे! आणि साक्षीला कोण? तर माझा नवरा.”

डेसने वाचलं. त्याच्या मानेपर्यंत लाली चढली. “मला काय माहीत ते असं वापरतील?”

“तू त्यांना दिलंस म्हणून वापरलं.”

गुरुवारी लेओताबाईंचा फोन आला. दोघंही टेबलाशी बसले होते.

“मिस्टर टलक, मला तुम्हाला एकच विचारायचंय,” त्या म्हणाल्या. “दहा जूनला तुम्ही पत्नीबद्दल कंपनीला जे सांगितलंत, ते खरं आहे का?”

“त्याचं असं आहे,” डेस घसा खाकरून म्हणाला, “तो पोरगाच म्हणाला की तशी सोय आहे. आणि मी तीन आठवडे फोनवर टांगलेला. वयानुसार माणूस थोडंफार...”

“खरं की खोटं, मिस्टर टलक? मला तसं लिहून घ्यावं लागेल.”

डेसने नोएलीनकडे पाहिलं. ती त्याला वाचवायला पुढे आली नाही. पंचेचाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच आली नाही.

“खोटं,” तो म्हणाला. “तिचं डोकं शाबूत आहे. मी खोटं बोललो.”

“ठीक आहे. लिहून घेतलं.”

निकालाचं पत्र दोन आठवड्यांनी आलं. पाकिटावर फक्त नोएलीनचं नाव होतं, पण फोडलं डेसने, आणि स्वयंपाकघरात येऊन मोठ्याने वाचलं. “‘दंडाची कल्पना दिल्याचा कोणताही पुरावा कंपनी दाखवू शकलेली नाही. मिसेस टलक यांनी तो प्रश्न विचारला होता आणि त्यांना नाही असंच उत्तर मिळालं होतं, हे आम्ही ग्राह्य धरतो. कंपनीने रक्कम परत करावी, खात्यावरची नोंद काढावी आणि मिसेस टलक यांची लेखी माफी मागावी.’” त्याने पत्र हवेत नाचवलं. कित्येक दिवसांनी त्याचा चेहरा फुलला होता. “घ्या! जिंकलो की नाही आपण?”

“आपण?” नोएलीन म्हणाली.

“म्हणजे तूच. तूच जिंकलीस. आता तरी राग सोड की!”

नोएलीनने हातातली बशी पुसून फळीवर ठेवली. दोन महिने ती कंपनीवर ओरडली होती, डेसवर ओरडली होती. आता तिचा आवाज चढला नाही.

“एक सांग, डेस. त्या पोराने विचारलं, तिला विसरण्याचा त्रास आहे का. तू लगेच म्हणालास, आहे की. श्वाससुद्धा घेतला नाहीस. सराईत लबाड माणूससुद्धा खोटं बोलण्याआधी क्षणभर थांबतो रे, आणि तू काही सराईत नाहीस. ते दंड सुटावा म्हणून म्हणालास, की तुला आधीपासूनच तसं वाटत होतं?”

डेसने पत्राची घडी घातली. मग ती उघडली आणि पुन्हा घातली. या वेळी मात्र त्याला उत्तर द्यायला वेळ लागत होता.