जिंकल्याशिवाय

सुशांतला पुण्यात नोकरी मिळाली होती. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि घाटकोपर रोव्हर्स या फुटबॉल क्लबच्या मॅचेस चुकू नयेत म्हणून तो नाही म्हणणार होता. व्यावसायिक लीगमध्ये आल्यापासून एकही सामना न जिंकलेल्या संघासाठी! धाकट्या भावाला समजवायला म्हणून त्या शनिवारी मी मुलुंडहून अंधेरीच्या मैदानावर गेले.

स्टँडमध्ये माणसं तुरळकच होती. मधूनमधून रिकाम्या खुर्च्यांवर रुमाल टाकलेले.

"जागा कुणासाठी धरल्यात?" मी सुशांतला विचारलं.

"जे येतात त्यांच्यासाठी. ही बाबांची."

बाबांना जाऊन वर्ष उलटलं होतं.

"सुशांत, पुरे हं."

"हात लावून बघ ना. फिजिक्स शिकवतेस ना तू?"

रुमाल सरकवून मी खुर्चीवर तळहात ठेवला. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखी गरम होती. पलीकडची रिकामी खुर्ची गार. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या, दोन्ही सावलीत. मी हात बदलून पाहिला. तेच.

"कोण बसलं होतं इथे?"

"बाबा दर मॅचला काय म्हणायचे, आठवतं?"

आठवत होतं. जिंकल्याशिवाय उठणार नाही.

"मग बसलेत," तो म्हणाला. "जिंकलोय कुठे अजून?"

मध्यंतरानंतर रोव्हर्सने गोल केला. मी उठून टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. बाकी सगळा स्टँड गप्प होता. पुढच्या रांगेतल्या, सुशांतच्या ओळखीच्या सोनूबाई मागे वळल्या. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मोठा चौकड्यांचा रुमाल होता.

"बस गो बाय. टाळ्यो कित्याक वाजवतंस? माका ह्यांका इतक्यात सोडूचा नाय."

मी बसले. हात पुन्हा बाबांच्या खुर्चीवर ठेवला. ती निवत होती. गरम वस्तू सगळीकडून निवते; ही मागच्या कडेपासून निवत होती. उठू पाहणारा माणूस आधी पुढे सरकतो, तशी.

"ड्रॉ झाला तर?" मी हळूच विचारलं.

"चालतं. ड्रॉ म्हणजे काय जिंकणं नव्हे."

आता फक्त पुढची कड कोमट उरली होती. स्टँडमधले सगळे पाहुण्या संघाच्या एका बुटक्या पोराकडे टक लावून बसले होते. रोव्हर्स आज चांगले खेळत होते. इतके चांगले की सोनूबाईंनी डोळे मिटून घेतले.

अगदी शेवटी त्या पोराला मोकळा चेंडू मिळाला. आमचा गोलकीपर पुढे धावला.

"मार रे, मार!" मी ओरडले. आमच्याच गोलवर.

चेंडू जाळ्यात गेला. स्टँडने श्वास सोडला, कुणीतरी हसलं, कुणीतरी "झकास" म्हणालं. गोलकीपर गुडघ्यांवर बसून रडत होता. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं तर मुळीच नाही. माझ्या तळहाताखाली ऊब हळूहळू मागे पसरत होती. कुणीतरी पुन्हा टेकून बसत होतं.

शिट्टी झाली. सुशांत उभा राहिला.

"हां, बोल ताई. पुण्याला हो म्हणून कळवू?"

मी हात उचलला नाही.

"पुढची मॅच कुणाशी आहे?" मी विचारलं.