पाण्यातले ढग

काळं, नखाएवढं प्लास्टिकचं टोपण... कॉम्प्युटरमधल्या नव्या कार्डाच्या भोकावर ते अजून तसंच बसलेलं होतं. प्रज्ञेश टेबलाखाली उकिडवा, हातात मोबाइलचा उजेड, मान अवघडलेली. सकाळी धाकट्या भावानं, चेतननं, फोनवर सहज विचारलं होतं, "दादा, मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीयेस ना?" त्या सहज विचारण्याचा राग येऊन त्यानं फोन ठेवला होता; आणि आता केबलमागोमाग बोट फिरवत तो पोचला ते कार्डाबाहेरच्या त्याच जुन्या भोकाशी, जिथं वर्षानुवर्षं ती खुपसायची सवय होती. म्हणजे बाजारातलं सगळ्यात वरचं ग्राफिक्स कार्ड महिनाभर डब्यात नुसतं दिवे लावून बसलं होतं आणि गेम चालत होता तो कॉम्प्युटरच्या अंगच्या जुन्याच चिपच्या जिवावर. अडखळला की दोष नेटला! वा रे इंजिनिअर... दुकानदार बसवायला माणूस पाठवतो म्हणाला, तर याला अपमान वाटला होता.

हसण्यावारी नेता आलं असतं. पण ढग...

कार्ड बसवलं त्या पहिल्या संध्याकाळी त्यानं आम्रपालीला खुर्चीत बसवलं होतं. या कार्डापायी यंदाचा एसी राहिला होता, आणि बिबवेवाडीतल्या त्या वरच्या मजल्यावर दुपारी जीव कसा नकोसा होतो हे घरून काम करणाऱ्या त्याच्या बायकोइतकं कुणाला ठाऊक? मधल्या किमतीचं कार्डही चाललं असतं, चेतन सांगतच होता. "घे. पण मला फरक दिसायला हवा," एवढंच ती म्हणाली होती. म्हणून त्यानं गेममधल्या नदीकाठी घोडा थांबवला आणि विचारलं, दिसतंय? हो, म्हणाली, पाण्यात ढग दिसतायत. आणि मग त्यालाही दिसले—शपथेवर सांगितलं असतं त्यानं, दिसले! ऑफिसात सांगत सुटला होता, पैसा वसूल म्हणून.

त्यानं टोपण काढलं. केबल बदलली. नदी आली, घोडा आला आणि पाण्यात ढग... खरेच ढग, सावकाश सरकणारे, काठच्या गवताशी तुटणारे. असलं काही त्यानं आजवर पाहिलंच नव्हतं. मग तिनं काय पाहिलं होतं? की पडद्याकडे बघितलंच नव्हतं, त्याचा चेहरा तेवढा बघितला होता?

स्वयंपाकघरात ती पाठमोरी चपात्या लाटत होती, मधेच ओढणीनं मानेवरचा घाम पुसत होती. तिथून पडदा दिसत नव्हता.

"ढग दिसतायत ना गं?" त्यानं विचारलं.

"हो, दिसतायत की," ती म्हणाली. वळलीसुद्धा नाही.

तोच आवाज. मायेचा, अगदी तसाच... लग्न ठरताना, विहाराच्या पायऱ्या उतरताना, त्यानं हळूच विचारलं होतं, तुझ्या मनात आहे ना? तेव्हाही ती हो म्हणाली होती. कुठल्या आवाजात?—ते काही केल्या आठवेना. आणि मग, आठवेल या भीतीनं, त्यानं गेमचा आवाज वाढवला.