दरीपलीकडच्या शाळेची रांग

मी एक जुना लाकडी स्टूल आहे. उंच पठारावरच्या एल आल्तो शहराच्या बाजारात बासिलिया माझ्यावर बसून मक्याची गरम पेज विकायची. तिच्या वडिलांनी निलगिरीच्या लाकडातून मला असा दणकट केला होता, की गिऱ्हाईक म्हणायचं, "बाई मोडेल, पण स्टूल मोडायचा नाही." पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या आणि माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. फार वाईट वाटायचं, मित्रांनो.

मग बासिलियाची लेक येनी सहा वर्षांची झाली. एक शाळा आमच्या गल्लीतच होती, पत्र्याच्या छपराची. दुसरी दरीपलीकडे, नावाजलेली. तिकडे पोरं दरीतल्या पायवाटेने जात. आत काय शिकवतात ते पाहायला मात्र कुणी जात नसे. जिथे रांग लांब, ती शाळा चांगली, असा आमच्याकडचा हिशेब. नणंद रेमेडिओस स्वतःच्या मुलासाठी रांगेत लागली होती. ती टोमणा मारून गेली, "घाल पोरीला गल्लीतच. पेज ढवळायला एक हात वाढेल." तो टोमणा बासिलियाच्या जिव्हारी लागला. तिने मला कोंबड्यांखालून काढलं आणि रांगेत नेऊन ठेवलं.

ही रांग कित्येक दिवस चालते. माणसं कामाला जातात आणि त्यांच्या जागी दगड, बादल्या, स्टूल कुंपणाला बांधलेले उभे राहतात. त्यांना परक्याने हात लावायचा नाही, हा नियम. सगळ्यांच्या पुढे एक छोटी तांबडी खुर्ची होती. तिला दोरी नव्हती. कडक उन्हातही ती ओली असायची. शिपाई रोज सकाळी रांग भिंतीकडे हटवायचा, तेव्हा आम्हाला आमची माणसं उचलून ठेवत. ती खुर्ची आधीच नव्या जागी असायची.

"ही कुणाची हो, आजी?" बासिलियाने चहा विकणाऱ्या म्हाताऱ्या तोमासाला विचारलं.

"सातुर्निनाची. तिच्या पोरीला इथे पहिल्या नंबराने प्रवेश मिळाला होता. पावसात पायवाट खचली नि पोर दरीत गेली. सातुर्निना गाव सोडून गेली, खुर्ची राहिली."

"मग उचलत का नाही कुणी?"

"दोनदा उचलली, बाई. सकाळी आपली पहिलीच. तू तुझा नंबर बघ."

संध्याकाळी धुकं उतरलं. बासिलिया पाव आणायला गेली. तेवढ्यात माझ्यावर कुणीतरी बसलं. हलकं, येनीएवढंच. थंडगार पाणी माझ्या पायांवरून ओघळू लागलं. मी लाकडाचा, पण भ्यायलो. मग अगदी बारीक आवाज आला, "इथून घर दिसतं का?"

मला बोलता येत नाही. ती बराच वेळ उत्तराची वाट पाहत बसली.

बासिलिया परतली तेव्हा माझ्यासमोर चिखलात दोन लहान बुटांचे ठसे होते. टाचा शाळेकडे, चवडे दरीकडे. तिने एका ठशावर वीत लावून पाहिली. "माझ्या येनीचंच माप," ती पुटपुटली. मग तिने माझी दोरी सोडली.

"वेड लागलं का तुला?" रेमेडिओस म्हणाली. "एवढा पुढचा नंबर सोडतेस? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. माझी पोर रोज कुठल्या वाटेने येणार, ते मी एकदा चालूनसुद्धा बघितलं नाही, वन्सं."

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गल्लीतल्या शाळेत गेली आणि वर्गात मागे बसून राहिली. तिथल्या बाई उत्तर चुकलेल्या मुलाजवळ खाली बसून पुन्हा समजावून सांगत होत्या. येनीचं नाव तिथेच घातलं.

मित्रांनो, घरची मंडळी तुमच्यासाठी शाळा निवडायला निघाली, की त्यांना म्हणा, आधी ती वाट आमच्याबरोबर चाला, मग वर्गात थोडा वेळ बसा. आणि एक विनंती माझी. घरातला जुना स्टूल अडगळीत टाकू नका, माझ्यासारखा दाराशी असू द्या. दुपारी येनी शाळेतून येते, तेव्हा तिच्या मागून आणखी कुणाची तरी पावलं वाजतात. येनीला तिची आई आत घेते. दुसरीला आत ये म्हणणारं कुणी नाही. ती माझ्यावर बसते.