काट्यावरची सहावी फेरी

बाहेरचं दिसू नये म्हणून हार्लन क्विस्टच्या डोळ्यांवर झापड बांधली होती आणि तिच्याखालून त्याला फक्त विमानाच्या यंत्रांवरचे काटे दिसत होते. बाहेर बघायचं काम शेजारी बसलेल्या ड्वेनचं. ऑर्डिसच्या, म्हणजे बायकोच्या, ऑपरेशनपायी हार्लनचा ढगात विमान उतरवायचा सराव सुटला होता. आता नियमाप्रमाणे नुसत्या काट्यांवर धावपट्टीपर्यंत सहा फेऱ्या केल्या की पुन्हा ढगात शिरायची मुभा. पाच झाल्या होत्या, मान आखडली होती, आणि जीव पार कंटाळला होता.

पण उद्या ऑर्डिसला डुलुथहून, लेकीच्या घरून, आणायचं होतं. तिथं सरोवरावरून ढग येऊन ठाण मांडतात. आणि हा गडी "विमानानंच आणणार" असं गावभर सांगून बसलेला.

सहावी फेरी सुरेख चालली होती. काटा मधोमध, जागचा हलेना. इतकं दमूनही हात विसरले नाहीत, म्हणून स्वारी मनातून खूश झाली.

"काढ झापड," ड्वेन म्हणाला.

धावपट्टी डावीकडे लांब राहिली होती. समोर ओल्सनचं धान्याचं कोठार. धावपट्टीवरून येणारा रेडिओचा इशारा काट्याला जोडायचं बटण हार्लननं दाबलंच नव्हतं. काटा अजून लांबच्या प्रवासाचाच मार्ग दाखवत होता, आणि विमान थोडं बाजूला सरकलं तरी काट्याला त्याचं काही वाटत नव्हतं.

"मला कधीच कळलं होतं," ड्वेन म्हणाला. "म्हटलं, बघू तुला कधी कळतंय."

"नाही कळलं."

"होतं रे असं. चल, फिरव. ही धरायची नाही, अजून एक कर."

ती एक नीट झाली. सहा भरल्या, मुभा मिळाली. विमान हँगरमध्ये ढकलल्यावर हार्लन तिथंच पायरीवर बसला. थकवा हाडांत उतरला होता. खऱ्या ढगात शेजारी ड्वेन नसणार होता, ऑर्डिस असणार होती. त्यानं तिला फोन लावला.

"उद्या मी गाडीनं येतो."

"का? ढग आहेत?"

"माहीत नाही. मी दमलोय, ऑर्डिस."



"बरं झालं," ती म्हणाली. "टाके ओढतात अजून. त्या पंखावर पाय टाकून आत चढायचं कसं, या घोरानं दोन रात्री झोप नाही मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?"